इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग वाजू लागले तर दोष कसा ओळखावा

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाची घरघर नसल्यामुळे, पेट्रोल किंवा डिझेल गाडीत कधी कानावर न पडलेले कितीतरी आवाज चालकाला स्पष्ट ऐकू येतात आणि त्यांतील बरेचसे आवाज दोषाचे नसतातच. जे दोषाचे असतात तेही बहुतेक वेळा ब्रेक पॅड, चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर (डिस्कवर) पॅड दाबणारा कॅलिपर, स्टिअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणारा टाय रॉड, सस्पेन्शनमधील लिंक रॉड, चाक ज्यावर फिरते ते बेअरिंग अशा जुन्याच ओळखीच्या भागांतून येतात. बॅटरी किंवा मोटरशी त्यांचा संबंध क्वचितच असतो. घाटंजी, मारेगाव, मानोरा किंवा धारणीकडच्या गाडीमालकाला कंपनीचे सर्व्हिस सेंटर गाठण्यासाठी बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी, कधी थेट अमरावती-नागपूरला जावे लागते आणि तिथे पोहोचेपर्यंत वाजणारी गाडी बरेचदा गप्प झालेली असते. म्हणून कोणता भाग बिघडला असेल याचा तर्क करत बसण्याऐवजी आवाज नेमका केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे आधी शोधून लिहून ठेवावे. दोषाचा निम्मा शोध त्यातच लागतो.

सुरुवातीला जे आवाज गाडीच्या कामाचाच भाग आहेत ते वेगळे काढावेत. गाडी सुरू करताना बॅटरीचे मोठे स्विच जोडले जातात, त्याचा एक-दोनदा ‘खट’ असा आवाज येतो. चालायला लागल्यावर पहिल्या काही मीटरमध्ये एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा) स्वतःची तपासणी करते आणि एखादी ‘घूं’ किंवा ‘टक’ ऐकू येते. ब्रेकचा पेडल दाबताना पुढच्या बाजूने बारीक गुणगुण येत असेल तर ती ब्रेकला जोर देणाऱ्या विजेच्या बूस्टरची किंवा व्हॅक्यूम पंपाची असते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना येणारी ‘सूं’ ही स्टिअरिंगच्या मोटरची असते. पायी चालणाऱ्यांना गाडीची चाहूल लागावी म्हणून काही गाड्या ताशी २० किलोमीटरच्या आतल्या वेगात मुद्दाम आवाज काढतात, तो वेग वाढला की बंद होतो. गिट्टीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला असता पायाखाली थरथर होऊन खरखर ऐकू येते, तेव्हा एबीएस आपले काम करत असते. अशा वेळी घाबरून पाय उचलू नये, पेडल दाबूनच ठेवावा. हे सारे आवाज गाडी नवी असतानाच एकदा लक्ष देऊन ऐकून ठेवले, तर पुढे नवा आवाज आला की तो लगेच वेगळा कळतो.

आवाज पकडण्याची चाचणी

चाचणीसाठी सकाळची वेळ आणि रहदारी नसलेला सपाट रस्ता निवडावा. एसी, पंखा आणि गाणी बंद करून काचा उतरवाव्यात. डिकीतील जॅक, पाना, पाण्याचा कॅन, मागच्या सीटखाली घरंगळलेली बाटली, असे सारे सामान आधी बाहेर काढावे, कारण सस्पेन्शनचा म्हणून सांगितला जाणारा खडखडाट पुष्कळदा जॅकचाच निघतो. जिनिंगच्या किंवा शाळेच्या लांब कुंपणभिंतीला समांतर, ताशी पंधरा-वीस किलोमीटर वेगाने गाडी नेली असता चाकांचा आवाज भिंतीवर आपटून स्पष्ट ऐकू येतो. एकदा भिंत उजवीकडे आणि परत येताना डावीकडे ठेवली, की आवाज कोणत्या बाजूच्या चाकांतून येतो हे बहुतेक वेळा तिथेच कळते. सोबतच्या माणसाने मोबाईलवर असे चित्रण करावे, की वेगाचा आकडा दिसेल आणि आवाजही ऐकू येईल. सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी वर्णनापेक्षा हे चित्रण कितीतरी उपयोगी पडते.

यापुढची पायरी फक्त इलेक्ट्रिक गाडीसाठीची आहे आणि सर्वांत महत्त्वाची आहे. या गाडीत वेग कमी करण्याचे काम दोन यंत्रणा करतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटी वीज तयार करून गाडीला रोखते, तिला रीजन म्हणतात. पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणाचे ब्रेक ही दुसरी यंत्रणा. आवाज या दोहोंपैकी कोणत्या यंत्रणेसोबत येतो हे वेगळे करता आले, तर शोधाचे क्षेत्र एकदम अर्ध्यावर येते. त्यासाठी आधी रीजन सर्वांत वरच्या पातळीवर ठेवून, ब्रेकला पाय न लावता, केवळ ॲक्सिलरेटर सोडून वेग कमी करावा. या वेळी एकच ‘ठक’ असा आवाज आला आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना तसाच आवाज परत आला, तर मोटरला धरून ठेवणारे माउंट, मोटरचा जोर चाकापर्यंत नेणारा ड्राइव्ह शाफ्ट किंवा सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश सैल असण्याचा संभव असतो. तिथे पॅड बदलून पैसे घालवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर रीजन शून्यावर किंवा सर्वांत खालच्या पातळीवर आणून तोच वेग ब्रेकने कमी करावा. काही गाड्यांत ब्रेकचा पेडल दाबल्यावरही आधी रीजनच काम करते. अशा गाडीत सरळ, सपाट आणि पूर्ण मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगाने जाताना गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि मग ब्रेक लावावा. न्यूट्रलमध्ये रीजन चालत नाही, त्यामुळे सगळा भार पॅडवर येतो आणि खरा आवाज ऐकू येतो. ही चाचणी उतारावर करू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रीजन, वेग आणि रस्ता एकदम बदलले, तर आवाज कशाने गेला हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

ब्रेकचे आवाज

इलेक्ट्रिक गाडीच्या ब्रेकचा मुख्य शत्रू झीज नसून गंज आहे, आणि पेट्रोल गाडी वर्षानुवर्षे चालवलेल्या मिस्त्रीलाही हे सुरुवातीला पटत नाही. रीजनमुळे पॅड क्वचितच डिस्कला घासले जातात. पॅड दीर्घकाळ टिकतात हे खरे, परंतु घासली न गेल्यामुळे डिस्कवर चढलेला गंजही निघत नाही. पावसाळ्यात एका रात्रीत डिस्कवर तांबूस थर येतो आणि सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकला ‘खर्र’ असा आवाज येऊन तो जातो, त्याची चिंता करू नये. गाडी धुतल्यानंतरही हेच होते. आवाज काही किलोमीटर चालूनही गेला नाही, तर मात्र रिमच्या फटीतून टॉर्चच्या उजेडात डिस्क पाहावी. पूर्ण चकचकीत डिस्क उत्तम. मधला पट्टा चकचकीत आणि कडेला गंजाची उंच कड उभी राहिलेली असेल, तर ती कड पॅडला घासत असते. संपूर्ण डिस्कच खरबरीत दिसत असेल, तर पॅड तिला नीट भिडतच नाहीत आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्याची शंका घ्यावी. मागच्या डिस्कवर ब्रेकचा भार कमी असल्यामुळे हा दोष तिथे आधी दिसतो.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, वर सांगितल्याप्रमाणे रीजन बंद ठेवून पाच-सहा वेळा दमदार ब्रेक लावावेत. ब्रेक हळू दाबल्यावर येणारी बारीक, कर्कश ‘चीं’ सुद्धा बहुधा यानेच जाते, कारण कधीच न तापलेल्या पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत होऊन वाजू लागलेला असतो. आवाज बंद व्हावा म्हणून पॅडवर किंवा डिस्कवर तेल, ग्रीस अथवा कोणताही फवारा मारण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो साफ नाकारावा. आवाज थांबेल आणि त्याबरोबर ब्रेकही जाईल.

ब्रेक न दाबताच चालत्या गाडीत सतत ‘चीं’ येत असेल आणि ब्रेक दाबताच ती थांबत किंवा बदलत असेल, तर पॅडवरची झीज दाखवणारी पत्राची जीभ डिस्कला टेकली असण्याचा संभव असतो. पॅडचा घासणारा थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलण्याची वेळ झाली असे समजावे. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी जाड खरखर येत असेल, तर पॅड संपून मागची पत्री डिस्क खात आहे. मग गाडी तिथेच थांबवणे शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडचे दोन आवाज मात्र कंपनीच्या पुस्तिकेत सहसा सापडत नाहीत. पहिला गिट्टीचा. खडीकरण झालेल्या पण डांबर न पडलेल्या रस्त्यावरून गेल्यावर अचानक एका चाकातून कान फाटेल अशी किंचाळी सुरू होते, चाकाच्या गतीबरोबर ती वाढते आणि वळणावर बदलते. डिस्क आणि तिच्या मागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये बारीक खडा अडकलेला असतो. गाडी सावकाश मागे घेत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवले असता तो अनेकदा पडून जातो. न पडल्यास चाक काढून पत्रा पेचकसने अलगद दूर सारावा लागतो, आणि हे काम गावातला कोणताही मिस्त्री पाच मिनिटांत करतो. दुसरा आवाज काळ्या मातीचा. पावसाळ्यात पांदणीतून वावरापर्यंत गाडी नेली, की चिकट माती रिमच्या आतल्या बाजूला आणि मडगार्डच्या अस्तरात ठासून बसते आणि वाळल्यावर विटेसारखी कडक होते. त्यामुळे टायर घासून ‘फर्रफर्र’ असा आवाज येतो आणि डांबरी रस्त्यावर वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरू लागते. चाकाचे बॅलन्सिंग करून घेण्याआधी रिम आतून पाण्याने स्वच्छ धुऊन पाहावी. तीच माती कॅलिपरच्या पिनांवरील रबराच्या टोप्यांत शिरली, तर पिना जाम होतात, म्हणून पावसाळा संपल्यावर एकदा चारही कॅलिपर उघडून पिना पुसून, ब्रेकसाठीचेच ग्रीस लावून घ्यावे. शेतातून येताना गाडीच्या पोटाखाली पऱ्हाटी किंवा तुरीची खुंटे अडकूनही खरखर येते. वाकून पाहिले तर ती लगेच दिसतात.

जाम झालेला ब्रेक ओळखण्याची आणखी एक रीत आहे. दहा-पंधरा किलोमीटर चालून, शक्यतो ब्रेक न लावता, गाडी थांबवावी आणि प्रत्येक रिमजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, ऊब पाहावी. एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल, तर तिथला पॅड सुटत नाही. अशा गाडीची एका चार्जिंगमधील धावही घटलेली असते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना चारही चाके गरम लागणारच, म्हणून तुलना चाकाशी चाकाची करावी. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी मात्र ओतू नये, त्याने डिस्क वाकते आणि पुढे प्रत्येक ब्रेकला पेडल थरथरतो.

टाटाच्या टियागो ईव्हीसारख्या लहान गाड्यांत मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतात, ज्यांत गोल ड्रमला आतून लायनर घासतो. पावसात हँडब्रेक ओढून काही दिवस उभी ठेवलेली गाडी काढताना मागून मोठा ‘थड’ असा आवाज येतो, कारण लायनर ड्रमला चिकटलेला असतो. एकदा सुटल्यावर तो आवाज पुन्हा आला नाही, तर काही बिघडलेले नाही. लांब मुक्कामाला गाडी सपाट जागी, चाकांना दगड किंवा ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून ठेवावी.

घाटाचा विषय वेगळा सांगावा लागतो. चिखलदऱ्याला वर मुक्कामी राहून बॅटरी पूर्ण भरली आणि सकाळी परतवाड्याकडे उतरायला लागले, की रीजन जवळजवळ काम करत नाही, कारण भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही. नेहमी ब्रेकला पाय न लावता, केवळ ॲक्सिलरेटरवर गाडी चालवण्याची सवय झालेल्या चालकाला गाडी अचानक पुढे ओढत असल्यासारखी वाटते, सगळा भार पॅडवर येतो आणि खाली पोहोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास व चिरका आवाज येऊ लागतो. यात गाडीचा दोष नाही. वर चार्जिंग करताना दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवावी आणि उतरताना वेग सुरुवातीपासूनच कमी राखावा. ब्रेक सतत थोडा दाबून ठेवण्यापेक्षा मधूनमधून नीट दाबून सोडल्यास डिस्कला थंड होण्यास वाव मिळतो. वास येऊ लागल्यास मोकळ्या जागी थांबून वाऱ्याने ब्रेक निवू द्यावेत.

स्टिअरिंगचे आवाज

स्टिअरिंगची तपासणी आधी उभ्या गाडीत करावी. गाडी सुरू ठेवून, ब्रेक दाबून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. चाकाच्या वरच्या भागातून ‘टंग’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला, तर शॉकअपच्या वरचे माउंट किंवा तिथले बेअरिंग धूळ जाऊन अडकत असते. आवाज स्टिअरिंगच्या चाकामागूनच, कागद घासल्यासारखा येत असेल, तर तो एअरबॅग आणि हॉर्नच्या तारा नेणाऱ्या गुंडाळीचा असतो. ती गुंडाळी एअरबॅगशी जोडलेली असल्यामुळे गावात उघडू नये. पायाजवळ, स्टिअरिंगचा दांडा जिथून पुढे जातो तिथून रबराची ‘कुर्र’ येत असेल, तर तिथल्या रबरावर सिलिकॉनचा हलका फवारा पुरतो. साधे तेल किंवा ग्रीस रबर फुगवते, म्हणून वापरू नये.

त्यानंतर एकाने स्टिअरिंग थोडेसे, झटक्याने डावी-उजवीकडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने बाहेर उभे राहून, हात आत न घालता, पुढच्या चाकांकडे कान द्यावा. ‘टक-टक’ ऐकू आल्यास टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावरचा सांधा सैल झालेला असतो. खात्रीसाठी चाक जॅकवर उचलावे. घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी हात धरून चाक हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉडकडे, आणि बारा व सहाच्या जागी जाणवला तर बेअरिंग किंवा चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटकडे पाहावे. काळ्या जमिनीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी घ्यावी. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. पोटाखाली बॅटरीचा सपाट पत्रा असतो, त्याला जॅक लागला तर लाखोंचे नुकसान होते. जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये आणि उच्च दाबाची वीज नेणाऱ्या नारिंगी रंगाच्या तारांना हात लावू नये.

चालत्या गाडीतील आवाजांत वळणाचा उपयोग होतो. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून, हळू पण ॲक्सिलरेटर देत गोल फिरावे. ठराविक लयीत ‘कट-कट-कट’ येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सांधा झिजलेला असतो. बहुधा त्याचे रबर फाटून ग्रीस उडालेले आणि आत माती गेलेली दिसते. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते आणि बॅटरीमुळे गाडीही जड असते, म्हणून फाटलेल्या रबराकडे दुर्लक्ष केल्यास हा सांधा लवकर जातो. एमजी कॉमेटसारख्या गाडीत मोटर मागच्या चाकांना जोडलेली असते, तिच्या पुढच्या चाकांत हे शाफ्ट नसतात, त्यामुळे तिथे टकटकीचे कारण दुसरीकडे शोधावे. सरळ रस्त्यावर बारीक खड्ड्यांतून जाताना पुढे खुळखुळा वाजल्यासारखा आवाज येतो, पण मोठ्या खड्ड्यात तितका येत नाही, तेव्हा लिंक रॉड पाहावी. ती स्वस्त असते आणि आपल्या रस्त्यांवर सर्वांत आधी तीच जाते.

वेगासोबत वाढत जाणारी ‘घूं’ बेअरिंगची असू शकते, परंतु समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यावर टायरही तशीच गुणगुण करतात. म्हणून आधी डांबरी रस्त्यावर ऐकावे. रस्ता बदलताच आवाज बदलला, तर तो टायरचा. न बदलल्यास मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या आसपास स्टिअरिंग हलकेच डावीकडे घ्यावे. गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, आणि घूं वाढली तर उजव्या बाजूचे बेअरिंग संशयित ठरते. उजवीकडे घेताना वाढली तर डाव्या बाजूचे.

केव्हा थांबावे आणि काम कोणाला द्यावे

पेडल खोल जाणे किंवा मऊ लागणे, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढणे, स्टिअरिंगमध्ये मोकळा खेळ येणे, ते अचानक जड होणे किंवा ब्रेकचा लाल दिवा लागणे, यांपैकी काहीही आवाजासोबत दिसले तर गाडी चालवू नये. स्टिअरिंग जड होण्याचे कारण कधी १२ व्होल्टची लहान बॅटरी कमजोर होणे एवढेच असते, परंतु ते रस्त्यावर ठरवण्याची गोष्ट नव्हे. अशी गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून तालुक्याला ओढून नेण्याचा मोह होतो, तो टाळावा. मोटरला जोडलेली चाके जमिनीवर फिरत राहिली, की मोटर वीज तयार करू लागते आणि यंत्रणा जळू शकते. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. चिखलातून दोन-चार मीटर बाहेर काढण्यापुरता ट्रॅक्टर चालतो, तोही न्यूट्रलमध्ये आणि ओढण्याच्या हुकालाच दोर बांधून.

पॅड, लायनर, टाय रॉड, लिंक रॉड आणि बेअरिंग ही कामे गावातल्या चांगल्या मिस्त्रीला खुशाल द्यावीत, इलेक्ट्रिक म्हणून त्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र वॉरंटी चालू असल्यास तिच्या अटी आधी वाचाव्यात. बटणावर चालणारा हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचे पॅड बदलण्यापूर्वी तो स्कॅनरने किंवा पुस्तिकेतील रीतीने सर्व्हिस स्थितीत न्यावा लागतो. पॅड दाबणारा पिस्टन पान्याने मागे ढकलला तर हँडब्रेकची मोटर मोडते. काही गाड्या किल्ली जवळ आली किंवा दार उघडले तरी ब्रेकमध्ये दाब तयार करतात, म्हणून काम चालू असताना किल्ली गाडीपासून लांब ठेवावी. पॅड बसवून झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत अनेकदा दाबावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर आल्यावर समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यानंतर पुन्हा तपासावेत, कारण सैल राहिलेला नटही हळू वेगात टकटक वाजतो आणि तो आवाज टाय रॉडचा समजला जातो.